वर्गापर्यंत पोचलेली गोळी



ज्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्या डॉक्टरांची सगळी नोकरी प्राथमिक आरोग्य केंद्रांत झाली. त्यांच्या नावाने उभं राहून बोलायचं तर विषयही ओपीडीच्या रांगेतलाच असावा, असं मला वाटलं. म्हणून आज मी आतड्यातल्या जंतांविषयी, आणि मुख्यतः त्यांच्यावरच्या औषधांविषयी बोलणार आहे.

आपल्या शाळांत आणि अंगणवाड्यांत फेब्रुवारीत आणि ऑगस्टमध्ये राष्ट्रीय जंतनाशक दिन पाळला जातो. एक ते एकोणीस वर्षांच्या मुलामुलींना अल्बेंडाझोलची 400 मिलिग्रॅमची गोळी चावून खायला देतात. एक ते दोन वर्षांच्या बाळाला अर्धी गोळी, तीही चुरून पाण्यातून. गोळी देते अंगणवाडीची ताई किंवा वर्गशिक्षक. तिथे डॉक्टर उभा नसतो. कोणत्या मुलाला जंत आहेत आणि कोणाला नाहीत, हे कोणी तपासलेलं नसतं. शेजारी बसलेल्या दोन मुलांपैकी एकाच्या पोटात जंत असतील, दुसऱ्याच्या नसतील. गोळी दोघांनाही मिळते.

वैद्यकाच्या दृष्टीने ही साधी गोष्ट नाही. आधी निदान आणि मग औषध, हा आमच्या शिक्षणाचा पहिला धडा. इथे तो आपण समजूनउमजून बाजूला ठेवला आहे. हे धाडस आपण कोणत्या बळावर केलं आणि ते केल्यावर आपल्यावर कोणती जबाबदारी आली, हे दोन प्रश्न मला आज तुमच्यापुढे मांडायचे आहेत.

आधी रोग नीट समजून घेऊ. मातीतून पसरणारे मुख्य कृमी तीन प्रकारचे. पहिला आपला नेहमीचा जंत, म्हणजे गोलकृमी. दुसरा चाबूककृमी आणि तिसरा अंकुशकृमी. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाने जगात सुमारे दीड अब्ज लोकांना यांपैकी एका तरी कृमीची लागण आहे. गोलकृमीची मादी वीतभराहून लांब वाढते आणि दिवसाला सुमारे दोन लाख अंडी घालते. ही अंडी विष्ठेतून मातीत जातात आणि ऊब व ओल मिळाली की दोनतीन आठवड्यांत लागण करण्याजोगी होतात. मग न धुतलेल्या भाजीवरून, नखांतल्या मातीतून ती पुन्हा तोंडात जातात. आतड्यात अळी बाहेर पडते, रक्तावाटे यकृतातून फुप्फुसात पोचते, श्वासनलिकेतून वर घशाशी येते, गिळली जाते आणि दुसऱ्या फेरीत आतड्यात स्थिरावते. अंकुशकृमीची वाट वेगळी. त्याची अळी ओल्या मातीत दबा धरून असते आणि अनवाणी पायाच्या कातडीतून थेट शरीरात शिरते. सेंटिमीटरभर लांबीचा हा कृमी आतड्याच्या आतल्या त्वचेला दातांनी धरून रक्त पितो. त्याच्या दोन जातींपैकी मोठी जात दिवसाला सुमारे 0.2 मिलिलिटर रक्त घालवते. आकडा किरकोळ वाटेल. पण असे शंभर कृमी पोटात असले तर रोजचं 20 मिलिलिटर रक्त जातं आणि महिन्याचा हिशोब अर्ध्या लिटरच्या पुढे जातो. आधीच लोह कमी असलेल्या बाईला किंवा वाढीच्या वयातल्या मुलीला हे परवडणारं नाही.

यातली एक गोष्ट कृपा करून लक्षात ठेवा, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. हे कृमी माणसाच्या शरीरात आपली संख्या वाढवत नाहीत. जीवाणू एकाचे लाख होतात, तसं इथे घडत नाही. पोटात दहा जंत असतील तर दहा वेळा अंडं बाहेरून आत आलेलं असतं. म्हणून या आजारात ‘लागण आहे की नाही’ यापेक्षा ‘किती कृमी आहेत’ हा प्रश्न मोठा आहे. आणि बहुतेक गावांत असं दिसतं की थोड्या लोकांच्या पोटात पुष्कळ कृमी असतात, बाकीच्यांच्या पोटात थोडे किंवा एकही नाही.

आपल्याकडे या रोगाचा विचार फार जुना आहे. चरकसंहितेच्या विमानस्थानातल्या सातव्या अध्यायात कृमींचे वीस प्रकार सांगून चिकित्सेच्या तीन पायऱ्या दिल्या आहेत. पहिली अपकर्षण, म्हणजे कृमी बाहेर काढणं. दुसरी प्रकृतिविघात, म्हणजे ज्या स्थितीत ते जगतात ती बिघडवणं. तिसरी निदानपरिवर्जन, म्हणजे ज्या कारणाने ते होतात ते टाळणं. वावडिंग, पळसाच्या बिया, कपिला ही औषधं त्याच परंपरेतली. वावडिंग घालून उकळलेलं दूध तान्ह्या बाळाला देणारी घरं आजही आहेत. त्या काळच्या कृमींच्या वर्गीकरणाशी आजच्या शास्त्राचा मेळ बसणार नाही. पण काढा, बिघडवा, टाळा हा क्रम मला आजही बिनचूक वाटतो. गेल्या शंभर-सव्वाशे वर्षांत आपण पहिल्या दोन पायऱ्या किती चढलो आणि तिसरीवर कुठे अडलो, हे त्यामुळे नेमकं सांगता येतं.

आधुनिक काळात अंकुशकृमीकडे जगाचं लक्ष वेधलं ते आल्प्स पर्वतातल्या सेंट गॉटहार्ड बोगद्याने. 1872 ते 1882 या काळात तो खणला गेला. खणणारे इटालियन मजूर पांढरेफटक पडू लागले, धापा टाकू लागले, मरू लागले. बोगद्यातली उष्ण, दमट हवा आणि शौचाची काहीच सोय नाही, अशी अवस्था होती. 1880 साली तूरिनच्या एदोआर्दो पेरोन्चितो यांनी या मजुरांच्या पंडुरोगाचं कारण अंकुशकृमी असल्याचं दाखवलं. पण कृमी शरीरात शिरतो कुठून? त्याचं उत्तर कैरोत मिळालं. 1898 साली आर्थर लूस या जर्मन संशोधकाच्या हातावर प्रयोगातल्या अळ्यांचं पाणी सांडलं. कातडीची आग झाली, लाली आली आणि काही आठवड्यांनी त्यांच्या स्वतःच्या शौचात अंकुशकृमीची अंडी सापडली. पाय झाकणं आणि मैला झाकणं या दोन्ही गोष्टींचं महत्त्व त्या एका अपघाताने सिद्ध केलं.

आता औषधांकडे येतो. कृमिनाशकाची अडचण पहिल्यापासून एकच होती. कृमी हा आपल्यासारखाच प्राणी आहे. त्याला स्नायू आहेत, मज्जातंतू आहेत, पचनसंस्था आहे. त्याला जे विष मारतं ते माणसालाही मारू शकतं. म्हणून ही औषधं शोधणाऱ्यांना जंत मारणारं द्रव्य मिळवायला फारसे कष्ट पडले नाहीत. जंत मारून मूल सुखरूप ठेवणारं द्रव्य मिळायला मात्र पाऊण शतक लागलं.

आपल्या ओळखीच्या एका बियाण्यापासून सुरुवात करू. ओव्यातून थायमॉल निघतं. विसाव्या शतकाच्या आरंभी अंकुशकृमीवरचं मुख्य औषध तेच होतं, आणि पहिल्या महायुद्धाआधी ते काढण्यासाठी हिंदुस्थानातून ओव्याचं बी जर्मनीत जात असे. 1909 साली जॉन रॉकफेलर यांनी दहा लाख डॉलर देऊन अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या राज्यांत अंकुशकृमीविरुद्ध मोहीम उभी केली. तिच्यामागचे शास्त्रज्ञ होते चार्ल्स वॉर्डेल स्टाइल्स. गावोगावी फिरते दवाखाने लागले आणि लाखो लोकांनी थायमॉल घेतलं. पण ते घेण्याची रीत पाहा. आदल्या संध्याकाळी उपास आणि जुलाबाचं मीठ. सकाळी थायमॉलच्या कॅप्सूल. मग पुन्हा जुलाब. त्या दिवशी लोणी, तेल, दारू पूर्ण वर्ज्य, कारण थायमॉल स्निग्ध पदार्थात आणि मद्यात विरघळतं, रक्तात शोषलं जातं आणि रोग्याच्या जिवावर बेततं. असं औषध वर्गात वाटता येत नाही. ते देणाऱ्याला ज्ञान हवं आणि घेणाऱ्याला सक्त शिस्त हवी.

त्याच काळातल्या इतर औषधांची गतही तीच. किरमाणी ओव्याच्या जातीच्या वनस्पतींतून मिळणारं सँटोनिन गोलकृमीवर चालायचं, पण मात्रा वाढली की रोग्याला सगळं पिवळं दिसू लागायचं, आणि आणखी वाढली तर झटके यायचे. चेनोपोडियमच्या तेलाने मुलं दगावली. 1921 साली अमेरिकेतले पशुवैद्यक मॉरिस हॉल यांनी अंकुशकृमीवर कार्बन टेट्राक्लोराइड सुचवलं. आधी त्यांनी स्वतः तीन मिलिलिटर घेऊन पाहिलं होतं. औषध स्वस्त आणि जोरदार होतं. जगभर मोहिमा सुरू झाल्या आणि पाठोपाठ यकृत निकामी होऊन मृत्यू झाल्याच्या बातम्या येऊ लागल्या. ज्यांना दारूचं व्यसन होतं, जे कुपोषित होते, त्यांना ते अधिक बाधलं. म्हणजे ज्याला उपचाराची गरज सर्वांत जास्त, त्यालाच औषधाचा धोका सर्वांत जास्त. 1925 साली हॉल यांनीच टेट्राक्लोरोएथिलीन पुढे आणलं. ते पहिल्यापेक्षा बरं निघालं आणि पुढची कित्येक वर्षं टिकलं.

खरा पालट 1950 च्या दशकात झाला, पायपराझिनमुळे. या औषधाची चाल वेगळी होती. गोलकृमी आतड्याला चिकटलेला नसतो. अन्न पुढे ढकलणाऱ्या आतड्यात तो सतत उलट दिशेने पोहत आपली जागा टिकवून असतो. पायपराझिन त्याचे स्नायू शिथिल करतं. पोहणं थांबलं की आतडंच त्याला बाहेर नेतं, बऱ्याचदा जिवंतच. हे झालं शुद्ध अपकर्षण. 1960 च्या दशकातल्या पायरँटेलने तेच काम उलट मार्गाने केलं. त्याने कृमीचे स्नायू आकडून टाकले. ते आतड्यातून रक्तात फारच कमी शोषलं जातं, म्हणून माणसाला त्रासही कमी. आता जुलाब नको, उपास नको. गोड चवीचं पातळ औषध आईच्या हातून मुलाला मिळू लागलं. दवाखान्याचा उंबरठा ओलांडून जंताचं औषध घरात आलं ते इथे.

यानंतरची पायरी बेंझिमिडाझोल गटाची. 1961 साली थायबेंडाझोल आलं. बेल्जियममध्ये पॉल यान्सेन यांच्या प्रयोगशाळेतून 1970 च्या दशकाच्या आरंभी मेबेंडाझोल निघालं आणि त्याच दशकात अमेरिकेत अल्बेंडाझोल तयार झालं. पेशीच्या आत ट्युब्युलिन नावाच्या प्रथिनाच्या सूक्ष्म नळ्या असतात. इमारतीला परांची असावी तशा त्या पेशीला आतून आधार देतात आणि मालाची ने-आणही त्यांच्यावरूनच होते. ही औषधं कृमीच्या ट्युब्युलिनला घट्ट चिकटतात आणि नळ्या बांधल्याच जात नाहीत. कृमीला ग्लुकोज घेता येत नाही, साठवलेलं ग्लायकोजन संपतं आणि तो काही दिवसांत उपासमारीने मरतो. माणसाच्या ट्युब्युलिनशी या औषधाची बांधणी तितकी पक्की होत नाही, शिवाय गोळीतलं बरंचसं औषध आतड्यातच राहतं. चरकांच्या क्रमात ही दुसरी पायरी, प्रकृतिविघात. कृमीचं जगणंच आतून बिघडवून टाकायचं.

आता मी मघाशी विचारलेल्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर देता येतं. निदान न करता औषध देण्याचं धाडस आपण करू शकलो ते अल्बेंडाझोल फार जहाल आहे म्हणून नव्हे. ते निर्धोक आहे म्हणून. एकाच मात्रेने काम होतं. वजन करावं लागत नाही. ज्याच्या पोटात जंत नाहीत त्याने घेतली तरी काही बिघडत नाही. ज्याच्या पोटात पुष्कळ आहेत त्याला थोडी पोटदुखी, मळमळ होते आणि ती दिवसभरात ओसरते. पथ्यं मोजकीच आहेत. आजारी मुलाला त्या दिवशी देऊ नये. गर्भारपणाच्या पहिल्या तीन महिन्यांत देऊ नये. लहानग्याला आख्खी गोळी बळेच भरवू नये, कारण ती घशात अडकते. एवढं सांभाळलं की शौचाच्या तपासणीला लागणारा खर्च गोळीच्या कितीतरी पट असल्यामुळे, सगळ्यांना देणं हेच शहाणपणाचं ठरतं. म्हणून 2015 च्या फेब्रुवारीत भारतात पहिला राष्ट्रीय जंतनाशक दिन झाला, तेव्हा सुमारे 9 कोटी मुलांपर्यंत गोळी पोचवता आली. जंतनाशकांच्या इतिहासातली सर्वांत मोठी झेप मी हीच मानतो: औषध इतकं सुरक्षित झालं की ते डॉक्टरच्या हातून शिक्षकाच्या हाती देता आलं.

श्रोतेहो, दुसरा प्रश्न इथेच उभा राहतो. आपण निरोगी मुलालाही औषध देतो, तेव्हा त्याच्याशी आपला एक अलिखित करार होतो. आजारी माणूस औषध मागायला येतो. हे मूल मागायला आलेलं नाही, आपण त्याच्याकडे गेलो आहोत. तेव्हा औषध खरोखर काय करतं आणि काय करत नाही, हे सतत तपासत राहणं आपल्यावर बंधनकारक आहे. एका मुलाचं निदान करण्यातून आपण सुटलो, पण गावाचं निदान करण्यातून सुटलेलो नाही.

मग काय दिसतं? पहिलं असं की ही गोळी सगळ्या कृमींवर सारखी चालत नाही. जगभरच्या चाचण्यांचा एकत्र हिशोब 2017 साली प्रसिद्ध झाला. अल्बेंडाझोलच्या एका मात्रेने गोलकृमीची लागण सुमारे 96 टक्के लोकांत पूर्ण गेली. अंकुशकृमीची सुमारे 80 टक्के. चाबूककृमीची मात्र जेमतेम 30 टक्के. चाबूककृमी आपलं बारीक पुढचं टोक मोठ्या आतड्याच्या त्वचेत विणून बसतो आणि एका गोळीला सहसा दाद देत नाही. त्यासाठी अल्बेंडाझोलला आयव्हरमेक्टिनची जोड द्यावी लागते. जपानमध्ये सातोशी ओमुरा यांनी जमवलेल्या मातीतल्या जीवाणूपासून आणि विल्यम कॅम्पबेल यांच्या संशोधनातून आलेलं हे औषध. त्यासाठी या दोघांना 2015 चं नोबेल मिळालं. हत्तीरोगाच्या मोहिमेत 2019 पासून नागपूर जिल्ह्याने अल्बेंडाझोल, डीईसी आणि आयव्हरमेक्टिन अशी तीन औषधं एकत्र घेतली आहेत. म्हणजे जोडऔषधाचा अनुभव आपल्या राज्याला आहे.

दुसरं असं की गोळीचा परिणाम शरीरात टिकून राहत नाही. आज जंत गेले तरी अंगणातली अंडी तिथेच असतात. देवीच्या लशीने काही वर्षं तरी संरक्षण मिळत असे, तसं इथे काही मिळत नाही. काही महिन्यांत पुन्हा लागण होते, म्हणून तर वर्षातून दोनदा गोळी. रॉकफेलर मोहिमेच्या लोकांनाही हे उमगलं होतं. थायमॉल वाटून झालं, पण ज्या भागांत शौचकूप बांधले गेले नाहीत तिथे अंकुशकृमी पुढची कित्येक वर्षं राहिला.

तिसरी गोष्ट थोडी अवघड आहे, पण ती तुमच्यापासून लपवणं मला योग्य वाटत नाही. जंतनाशक गोळीने मुलांचं वजन वाढतं, हिमोग्लोबिन वाढतं, अभ्यास सुधारतो, असं आपण सर्रास सांगतो. केनियातल्या बुसिया भागात एडवर्ड मिगेल आणि मायकेल क्रेमर यांनी केलेल्या, 2004 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात गोळी दिलेल्या शाळांतली गैरहजेरी सुमारे एक चतुर्थांशाने कमी झालेली दिसली. दुसरीकडे, उत्तर प्रदेशात सुमारे दहा लाख लहान मुलांवर झालेल्या ‘देवता’ या चाचणीचे निष्कर्ष 2013 साली आले. पाच वर्षं, दर सहा महिन्यांनी अल्बेंडाझोल देऊनही बालमृत्यूंत आणि वजनात म्हणण्याजोगा फरक पडला नाही. अनेक चाचण्यांचे एकत्रित आढावेही सरासरी फायदा फारसा दिसत नाही असंच सांगतात. त्यावर जगात तीव्र वाद झाले. मला त्यातून समजलं ते असं. शंभर मुलांत दहांच्याच पोटात पुष्कळ कृमी असतील, तर त्या दहांना झालेला मोठा फायदा शंभरांच्या सरासरीत विरघळून जातो. त्या दहांसाठी गोळी अत्यावश्यकच आहे. आतड्यात जंतांचा गोळा अडकून शस्त्रक्रियेची वेळ येते ती यांच्यावर, रक्त कमी होतं ते यांचं. पण म्हणून उरलेल्या नव्वदांच्या आईबापांना ‘गोळीने मूल हुशार होईल’ असं सांगणं बरोबर नाही. गोळी पोटातल्या कृमींचा भार उतरवते. गेलेलं रक्त भरून यायला लोहाच्या गोळ्या आणि पोटभर जेवणच लागतं. ‘ॲनिमियामुक्त भारत’ कार्यक्रमात लोह आणि जंतनाशक शेजारी ठेवले आहेत, ते याच कारणाने.

चौथी गोष्ट औषधाला न जुमानणाऱ्या कृमींची. मघाच्या यादीकडे पुन्हा एकदा पाहा. हॉल पशुवैद्यक होते. थायबेंडाझोल, अल्बेंडाझोल, आयव्हरमेक्टिन ही सगळी आधी मेंढ्यांसाठी, गुराढोरांसाठी बाजारात आली, कारण पशुपालनाच्या धंद्यात औषधाला किंमत मिळत होती आणि गरिबाच्या मुलासाठी ती कोणी मोजत नव्हतं. औषध जनावरांकडून आपल्याकडे आलं आणि इशाराही तिथूनच आला. थायबेंडाझोल आल्यावर तीनच वर्षांत, 1964 साली, मेंढ्यांच्या पोटातला रक्तपित्या कृमी त्याला दाद देत नसल्याची नोंद झाली. ट्युब्युलिनमधला एक अमिनो आम्लाचा घटक बदलला की औषध तिथे चिकटेनासं होतं. सगळ्या कळपाला पुन्हा पुन्हा औषध पाजलं की औषधाला वश होणारे कृमी मरतात आणि वश न होणाऱ्यांचीच वीण वाढते. दक्षिण आफ्रिकेतल्या पशुवैद्यांनी यावर रीत काढली. मेंढीच्या डोळ्याची पापणी उलटून आतला रंग पाहायचा आणि जी पांढुरकी दिसेल तिलाच औषध द्यायचं. त्यामुळे काही कृमी औषधापासून दूर राहतात आणि औषधाचा गुण टिकतो. माणसांत इतकी वाईट वेळ आलेली नाही. पण कोट्यवधी मुलांना वर्षानुवर्षं एकच औषध देताना मेंढ्यांच्या कळपांनी शिकवलेला धडा विसरणं आपल्याला परवडणार नाही.

मग उपाय काय? या बाबतीत ज्यांनी लढाई जिंकली त्यांच्याकडे पाहू. महायुद्धानंतरच्या जपानमध्ये निम्म्याहून अधिक लोकांना गोलकृमी होते. दक्षिण कोरियात 1971 च्या देशव्यापी पाहणीत 84 टक्के लोकांच्या शौचात कोणत्या ना कोणत्या कृमीची अंडी सापडली. दोन्ही देशांत शेताला मानवी मैल्याचं खत घालायची जुनी पद्धत होती. दोन्ही देशांनी शाळेतल्या मुलांचं शौच तपासायला घेतलं आणि ज्याच्या शौचात अंडी दिसली त्याला औषध दिलं. कोरियाने 1966 साली त्यासाठी कायदा केला आणि वर्षातून दोनदा तपासणी चालवली. त्याबरोबरच मैल्याचं खत बंद झालं, संडास आले, नळाचं पाणी आलं. 1997 साली कोरियातला तो आकडा 2.4 टक्क्यांवर आला. जपानमध्ये शाळेतली ही तपासणी इतकी अनावश्यक ठरली की 2015-16 नंतर ती सक्तीची राहिली नाही. औषधाने भार उतरवला आणि स्वच्छतेने तो पुन्हा चढू दिला नाही. तपासणी मात्र शेवटपर्यंत सुटली नाही.

आपल्या मातीतही या विचाराची परंपरा आहे. गाडगेबाबांनी हाती खराटा घेऊन गावं झाडली. कणकवलीच्या गोपुरीत अप्पासाहेब पटवर्धनांनी मैल्याचं खत करणारा, कोणा माणसाला मैला वाहायला न लावणारा संडास घडवण्यात आयुष्याचा मोठा भाग घातला. संडासाच्या रचनेचा आणि जंतांचा संबंध जवळचा आहे. गोलकृमीचं अंडं फार चिवट असतं. ओल्या सावलीच्या मातीत ते वर्षानुवर्षं टिकतं. म्हणून दोन खड्ड्यांचा संडास बांधतात. एक खड्डा भरला की तो बंद करून दुसरा वापरायचा आणि पहिला निदान वर्ष-दीड वर्ष तसाच मुरू द्यायचा. तो घाईने उपसून शेतात टाकला तर अंडी जिवंत शेतात जातात. संडास बांधला म्हणजे जंत गेले, असं होत नाही. तो कसा बांधला, कसा वापरला आणि खड्डा केव्हा उपसला, यावर सगळं अवलंबून असतं.

शेवटी, मला जे करायला हवं असं वाटतं ते तीन मागण्यांत सांगतो.

पहिली मागणी मोजमापाची. प्रत्येक जिल्ह्यात ठरावीक शाळा निवडाव्यात. गोळी देण्याआधी आणि दिल्यानंतर दोनतीन आठवड्यांनी काही मुलांचं शौच तपासून अंडी मोजावीत. त्यासाठी महागडं यंत्र लागत नाही. काचपट्टी, साधा सूक्ष्मदर्शक आणि शिकवलेला तंत्रज्ञ पुरतो. गोलकृमीची अंडी 95 टक्क्यांनी आणि अंकुशकृमीची 90 टक्क्यांनी घटली नाहीत, तर औषध उतरणीला लागलं असं समजून कारण शोधायचं. लागण किती हेही यातूनच कळेल. राष्ट्रीय कार्यक्रमाच्या आरंभीच्या पाहणीत मध्य प्रदेशात 12.5 टक्के आणि तमिळनाडूत 85 टक्के अशी तफावत होती. जागतिक आरोग्य संघटनेच्या सूचनेनुसार लागण 20 टक्क्यांवर असेल तिथे वर्षातून एकदा आणि 50 टक्क्यांवर असेल तिथे दोनदा गोळी पुरते. जिथे गरज उरलेली नाही तिथे गोळी थांबवण्याचं आणि जिथे चाबूककृमी जास्त आहे तिथे जोडऔषध देण्याचं धैर्य या आकड्यांतून येईल.

दुसरी मागणी मोठ्या माणसांची. अंकुशकृमीचा सर्वांत जास्त भार बहुतेक ठिकाणी प्रौढांच्या पोटात असतो, आणि शाळेतली गोळी त्यांच्यापर्यंत पोचत नाही. भाताच्या खाचरात, मळ्यात, बागेत अनवाणी राबणाऱ्या बायका आणि मजूर या कार्यक्रमाच्या बाहेर राहतात आणि त्यांच्या शौचातून मुलांच्या वाटेवर अळ्या पुन्हा येतात. ज्या गावांत अंकुशकृमी आढळतो तिथे गोळी घरोघर गेली पाहिजे. गर्भवती मातेला दुसऱ्या तिमाहीत ती आणि लोहाची गोळी खात्रीने मिळाली पाहिजे.

तिसरी मागणी शाळेच्या संडासाची. ज्या दिवशी गोळी दिली जाते त्याच दिवशी शाळेच्या संडासात पाणी आहे का, नळाशी साबण आहे का, याची तपासणी व्हावी आणि ती त्याच नोंदवहीत लिहिली जावी. गोळी वाटल्याची टक्केवारी वर पाठवणाऱ्या तालुक्याने ही टक्केवारीही पाठवावी. ज्या शाळेत पाणी नाही तिथली गोळी ही अर्धीच सेवा आहे, हे सरकारी कागदावर दिसलं पाहिजे.

अल्बेंडाझोल हे विज्ञानाने आपल्या हाती दिलेलं अत्यंत निर्धोक साधन आहे. ज्यांनी ते घडवलं त्यांचे, आणि दर वर्षी ते कोट्यवधी मुलांच्या हातावर ठेवणाऱ्या आशाताई, अंगणवाडीसेविका आणि शिक्षकांचे आपण मनापासून ऋणी आहोत. पण गोळी वेळ मिळवून देते, त्या वेळाचं काय करायचं हे आपल्याला ठरवायचं आहे. मिळालेल्या सहा महिन्यांत मोजणी केली, खड्डे नीट बांधले, नळाला पाणी आणलं, तर पुढची पिढी ही गोळी न घेता मोठी होईल. तसं न केल्यास आपली नातवंडं त्याच रांगेत उभी राहतील, आणि कदाचित तोवर गोळीचा गुणही ओसरलेला असेल. ज्यांच्या स्मृतीला आपण आज अभिवादन करतो आहोत, त्यांच्या कामाचा खरा वारसा पहिल्या मार्गावर आहे. तो घेण्याइतकं ज्ञान, पैसा आणि माणसं आपल्याकडे आज आहेत. तेव्हा कामाला लागू या.